न मारता मारणं: कूतचे कैदी आणि युद्धकैद्यांचा कायदा

तुर्की सैन्याचं बिस्कीट म्हणजे जवळजवळ वीटच. काळपट, जाड आणि इतकं कडक की दातांनी तुटायचं नाही. लोक ते नदीच्या पाण्यात भिजत घालून खायचे. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी, इराकमधल्या कूत गावी ब्रिटिश जनरल टाऊनशेंडची फौज तुर्कांना शरण गेली, तेव्हा शिपायांच्या हाती पहिल्यांदा हेच पडलं. १४७ दिवस वेढ्यात उपाशी राहिलेल्या पोटांना ते सोसलं नाही. नदीकाठच्या शुमरानच्या तळावर पहिल्या काही दिवसांतच शेकडो माणसं जुलाब-उलट्यांनी गेली. त्यांच्यावर कुणी गोळी झाडली नव्हती, हातही उगारला नव्हता.

कैद्यांचा छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारकोठडी येते, पट्टे येतात, विजेचे झटके येतात. तेही घडतं, आणि त्याबद्दल पुढे बोलूच. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत युद्धकैदी कशाने मेले हे मोजायला बसलं, तर यादीत वर येतात ते भूक, तहान, थंडी, पायपीट आणि साथीचे रोग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक सापडले. त्यांतले जवळपास ३३ लाख मेले. पुष्कळांना गोळ्या घातल्या हे खरं, पण त्याहून कितीतरी जास्त माणसं उघड्या माळावर काटेरी तारेच्या आत उपाशी मेली. आणि ते चुकून झालं नव्हतं, ते धोरण होतं. माणसाला मारायचं असेल तर त्याला ताब्यात घ्यावं आणि मग त्याचं काहीच करू नये. तेवढं पुरतं.

म्हणूनच हा विषय समजून घ्यायला मी कूत घेतलं. आणखी एक कारण आहे: ती फौज आपल्या ओळखीची होती.

शरण आलेल्या फौजेचं अधिकृत नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन. १९१४च्या नोव्हेंबरात ती इराकच्या दक्षिण टोकाला उतरली, बसरा घेतलं, आणि सोपे विजय मिळत गेल्यावर साहेबांना बगदादची स्वप्नं पडू लागली. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. १०३वी म्हणजे आज मराठा लाइट इन्फंट्रीत ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते ती. शिवाय राजपूत, पंजाबी, गुरखे आणि काही गोऱ्या पलटणी. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला नोव्हेंबर १९१५ मध्ये मोठी लढाई झाली, साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे सरत कूतला येऊन अडकली. तिला सोडवायला दक्षिणेकडून जी फौज धडपडत होती, तिचेच वीस हजारांहून जास्त लोक जखमी झाले किंवा कामी आले. विमानांतून धान्याची पोती टाकली गेली. युद्धाच्या इतिहासातला हा पहिलाच असा प्रयोग, पण तेवढ्याने काय होणार? शेवटी तुर्की सेनापती खलील पाशाला वीस लाख पौंड देऊ केले, तेही त्याने नाकारले.

वेढ्यात घोडे आणि खेचरं कापून खाण्याची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला, कारण गावी गेल्यावर जातीबाहेर काढतील ही भीती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानग्या मागवल्या गेल्या, तरी शेवटच्या आठवड्यांपर्यंत कित्येकांनी मांसाला तोंड लावलं नाही. हिरवी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिरड्या सडवणारा स्कर्व्ही पसरला. म्हणजे शरणागतीच्या दिवशी तुर्कांच्या ताब्यात आली ती जवळपास तेरा हजार आजारी माणसं. यातले तीन हजारांवर तर शिपाईही नव्हते. भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरं हाकणारे असे फौजेमागून फिरणारे नोकर होते ते.

मग ताटातूट झाली. साहेब लोकांना बोटीने बगदादकडे नेलं. शिपायांना चालवत. ही एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि इतिहासात तिला दोन ओळी मिळतात. अधिकारी गेला की शिपायाच्या वतीने बोलणारं कुणी उरत नाही. कोण आजारी आहे, कुणाच्या पायात बूट नाहीत, पाणी कधी मिळणार, हे विचारणारं आणि लिहून ठेवणारं माणूसच संपलं. टाऊनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, मेजवान्या मिळाल्या, कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारकडून ‘सर’ किताबही मिळाला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा खलील पाशाच्या परवानगीने सुखरूप बसऱ्याला पोचवला गेला. ही दंतकथा नाही. एका कुत्र्यासाठी दोन शत्रुराष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी नीट व्यवस्था लावली. म्हणजे व्यवस्था लावणं अशक्य होतं, असं म्हणायला जागा उरत नाही.

शिपायांची वाट अशी: कूत ते बगदाद पायी, तिथून समारापर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा पायी तिक्रित, मोसूल, नुसैबिन करत रास अल-ऐन. एकूण आठशे-नऊशे किलोमीटर, मे-जूनच्या इराकी उन्हात. भाकरीच्या तुकड्यासाठी लोकांनी वाटेत बूट विकले आणि मग अनवाणी चालले. मागे पडणाऱ्याला पहारेकरी चाबकाने किंवा बंदुकीच्या दस्त्याने हाणत. अगदीच उठेना तर सोडून देत, आणि मग वाटेवरचे लुटारू त्याच्या अंगावरचे कपडेही काढून नेत. रास अल-ऐनला रेल्वेचा रूळ संपत होता. तो पुढे नेण्याच्या कामावर हिंदी कैद्यांना जुंपलं. गोऱ्यांना त्याही पलीकडे, डोंगरातल्या बोगद्यांच्या कामावर पाठवलं. त्याच वर्षी त्याच गावाजवळ आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या होत्या. आपल्या कैद्यांनी विहिरींत आणि रस्त्याकडेला त्यांचे मृतदेह पाहिले. बंगाली रुग्णसेवा पथकातले शिशिर प्रसाद सर्वाधिकारी या कैद्यांत होते. त्यांनी लपवून टिपणं ठेवली म्हणून हिंदी माणसाच्या नजरेतून यातलं बरंच काही आपल्याला कळतं. गंमत म्हणजे त्यांच्या आठवणींत चांगल्या तुर्कांचे प्रसंगही भेटतात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींत मात्र पहारेकरी अरब किंवा कुर्द असला की तो जात्याच क्रूर ठरतो. ते वाचताना चिमूटभर मीठ घालून वाचावं.

हिशेब काय लागला? साधारण २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७००हून अधिक मेले किंवा बेपत्ता झाले. हिंदी शिपाई आणि नोकर मिळून किमान अडीच हजार गेले. ‘किमान’ म्हणतो, कारण त्यांच्या याद्याच धड नव्हत्या.

आता कायद्याकडे वळू. त्या वेळी कायदा नव्हता असं नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७च्या हेग नियमावलीतलं चौथं कलम आजही या सगळ्या विषयाचा पाया आहे. ते म्हणतं की युद्धकैदी हा शत्रूच्या सरकारच्या ताब्यात असतो. ज्या शिपायाने किंवा ज्या पलटणीने त्याला पकडलं, त्यांच्या ताब्यात नसतो. वाक्य साधं आहे, पण त्यात जुना सगळा हिशेब उलटवलेला आहे. पूर्वी पकडलेला माणूस ही पकडणाऱ्याची लूट असे. मारा, विका, खंडणी मागा. हेगने सांगितलं की तो तुझा नाही, सरकारचा आहे, आणि म्हणून त्याचं काही बरंवाईट झालं तर जबाब सरकारने द्यायचा.

सातवं कलम म्हणतं की कैद्याला जेवण, निवारा आणि कपडे पकडणाऱ्या सैन्याच्या स्वतःच्या शिपायाइतकेच मिळावेत. ऐकायला न्याय्य वाटतं. पण कूतच्या बाबतीत हाच नियम तोकडा पडला. तुर्की शिपाई स्वतः तेच बिस्कीट खात होता. त्याच्याही पायात धड बूट नव्हते, तोही टायफसने मरत होता. फरक एवढाच की तो कोरड्या अन्नावर आणि लांबच्या पायपिटीवर वाढलेला, आणि हे पाच महिन्यांच्या उपासमारीतून उठलेले. ‘आमच्या शिपायासारखंच वागवलं’ हे तुर्की सरकारचं उत्तर कागदावर बरोबर होतं आणि माणसं मात्र मरत होती.

इथे ब्रिटिशांना साळसूद समजू नये. टेसिफॉनचे त्यांचे स्वतःचे जखमी बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून आणि घाणीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याला आणले गेले, ते पाहून डॉक्टरही हादरले. त्याची चौकशी १९१७ मध्ये जाहीर झाली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. इजिप्तमधल्या ब्रिटिश छावण्यांत तुर्की कैदी निकृष्ट आहारापायी पेलाग्राने आजारी पडले, तेव्हा तिथेही चौकशी समिती नेमावी लागली. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना त्यांनी हिंदुस्थानातल्या आणि ब्रह्मदेशातल्या तुर्की कैद्यांच्या छावण्या पाहू दिल्या. बाहेरचा माणूस आत येऊन पाहून जातो, ही गोष्ट किरकोळ वाटते. ती नाही.

आता नेहमीचा प्रश्न: शिपाई असं का वागतो? कालपर्यंत शेतात राबणारा, घरी लेकरं असलेला माणूस हात वर केलेल्या दुसऱ्या माणसाला का तुडवतो?

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे शरण आल्यावरची पहिली काही मिनिटं. दोन क्षणांपूर्वी ज्याने तुमच्या शेजारच्याला गोळी घातली, तो आता हात वर करून उभा आहे. अंगात रक्त उसळलेलं असतं, भीती असते, सूड असतो. आणि कैदी घेणं म्हणजे त्याला मागे पोचवायला दोन माणसं खर्ची घालणं. प्रत्येक देशाच्या सैन्यात अशा वेळी माणसं मारली गेली आहेत, प्रत्येक युद्धात. यावर उपाय म्हणजे शिस्त आणि डोळ्यांसमोर उभा असलेला नाईक-हवालदार. दुसरा कुठलाही लागू पडलेला दिसत नाही.

नंतरचा छळ वेगळा असतो. तो गरम डोक्याने होत नाही. तो होतो कंटाळ्यातून, अपुऱ्या माणसांतून, अपुऱ्या शिकवणीतून, ‘यांच्याकडून माहिती काढा’ या वरून आलेल्या दडपणातून, आणि विचारणारं कुणी नाही या खात्रीतून. इथे लोक हमखास १९७१च्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तुरुंग-प्रयोगाचा दाखला देतात: साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते आपोआप क्रूर झाले. पुढे उजेडात आलं की ते ‘आपोआप’ नव्हतं. कसं कडक वागायचं हे पहारेकऱ्यांना सांगितलं जात होतं. मला तर हा खुलासा मूळ प्रयोगापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. वरून इशारा आला की खालचा माणूस चार पावलं पुढेच जातो.

अबू घ्रैब पाहा. बगदादच्या पश्चिमेला, म्हणजे कूतचे कैदी जिथून फरफटत गेले त्याच मुलखात. २००३च्या शेवटी अमेरिकी लष्करी पोलिसांनी तिथल्या इराकी कैद्यांना नग्न केलं, त्यांचे ढीग रचले, कुत्रे अंगावर सोडण्याची भीती घातली, आणि वर हसत फोटो काढले. एप्रिल २००४ मध्ये ते फोटो जगाने पाहिले. अकरा सैनिक दोषी ठरले. त्यांतला चार्ल्स ग्रेनर याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांना कर्नल केलं गेलं. त्यांच्या वरच्या कुणावर खटला चालला नाही.

फोटो सगळ्यांना आठवतात. मेजर जनरल अँटोनियो टागुबा यांनी केलेल्या लष्करी चौकशीतलं एक निरीक्षण मात्र फारसं कुणाला आठवत नाही. त्या तुरुंगात काही कैदी असे होते ज्यांची कुठेच नोंद नव्हती. गुप्तचर संस्थांनी आणून ठेवलेले. रेडक्रॉसचे लोक आले की त्यांना आतल्या आत दुसरीकडे हलवलं जाई. त्यांना नाव पडलं होतं ‘भूत कैदी’. पहारेकऱ्यांना तुरुंग सांभाळण्याचं आणि युद्धकैद्यांना कसं वागवायचं हे सांगणाऱ्या जिनिव्हा कराराचं पुरेसं शिक्षण दिलं नव्हतं, हेही त्याच अहवालात आहे. वॉशिंग्टनमध्ये २००२ सालीच अल-कायदाच्या लोकांना हा करार लागू नाही असं ठरलं होतं. इराकमध्ये तो अधिकृतपणे लागू होता. पण एकदा ‘काही माणसं कराराबाहेरची’ हा विचार सैन्यात शिरला की तो सीमेवर थांबून पासपोर्ट दाखवत नाही.

ज्या जिनिव्हा कराराचं नाव आपण सारखं ऐकतो, तो १९४९चा तिसरा करार. त्यात १४३ कलमं आहेत आणि ती वाचताना कंटाळा येतो. साबण किती, पत्रं किती, कामाचा मोबदला किती, कँटीन असावं, पदकं काढून घेऊ नयेत. पहिल्यांदा चाळलं तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्या भयंकर विषयावर हे कारकुनी बाड कशाला? कूतची हकिगत वाचून मग तेच कलम-कलम पुन्हा पाहिलं, की प्रत्येक कारकुनी कलमामागे मेलेली माणसं दिसू लागतात.

अन्नाचं कलम घ्या, २६वं. १९०७चा ‘आमच्या शिपायाइतकं’ हा माप त्याने बदलला. आता माप कैद्याचं शरीर: त्याची तब्येत टिकेल, वजन घटणार नाही, कमतरतेचे आजार होणार नाहीत एवढं अन्न, आणि तेही त्याच्या नेहमीच्या खाण्याचा विचार करून. घोड्याचं मांस पुढ्यात येऊन उपाशी राहणाऱ्या शिपायाचा विचार या कलमात बसतो. मागे नेताना पाणी, अन्न आणि औषध दिलंच पाहिजे, असं २०वं कलम सांगतं. कैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करू नये, असं तेरावं. म्हणून पकडलेल्या वैमानिकाचा व्हिडिओ फिरवणं हे नुसतं वाईट दिसत नाही, ते नियमाविरुद्धही आहे. कुणाला युद्धकैदी मानायचं याबद्दल शंका असेल तर न्यायमंडळाने निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैदीच मानायचं, हे पाचवं. रेडक्रॉसला छावणीत येऊ द्यायचं, साक्षीदाराशिवाय कैद्यांशी बोलू द्यायचं, हे १२६वं. एकाच देशातल्या बंडाळीत पकडलेल्यांना हा सगळा करार लागू होत नाही, पण मारहाण, अपमान आणि चौकशीविना शिक्षा यांवर बंदी घालणारं तिसरं कलम तिथेही लागू पडतं.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत मोलाचं ७०वं. कैदी छावणीत पोचला की आठवड्याच्या आत त्याला एक कार्ड भरू द्यायचं: मी अमुक, मी पकडला गेलो आहे, माझी तब्येत अशी आहे. एक प्रत घरी, एक जिनिव्हाला रेडक्रॉसकडे. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसने अशाच माहितीतून सुमारे ७० लाख कार्डांचा संग्रह तयार केला होता. ज्याचं कार्ड जिनिव्हात आहे त्याला ‘आमच्याकडे असा कुणी नव्हताच’ म्हणून गायब करता येत नाही. छळ करणाऱ्याची पहिली गरज काठी नसते. कैद्याचं नाव कुठेही नसणं ही त्याची पहिली गरज.

हे कार्ड नसलं की काय होतं, ते आपल्याकडच्या एका घराने पन्नास वर्षं भोगलं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर हल्ल्याला गेले, त्यांचं विमान पडलं. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव छापून आलं. त्यांची पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, तेव्हापासून विचारत राहिल्या. १९७१च्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत ते नाव आहे. असा कुणीही आमच्याकडे नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम आहे.

त्याच युद्धातली दुसरी बाजूही सांगायला हवी. भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी आले, त्यांत नागरिकही होते. रांची, मीरत, आग्रा अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या, नोंदी झाल्या, रेडक्रॉसच्या भेटी झाल्या, पत्रं गेली-आली. आपल्याकडे याचा अभिमान बाळगतात आणि तो बराचसा रास्त आहे. पण लढाई थांबल्यावर विनाविलंब परत पाठवा असं सांगणारं ११८वं कलमही त्याच करारात आहे, आणि शेवटचे कैदी परतले ते एप्रिल १९७४ मध्ये. मधली सव्वादोन वर्षं ते वाटाघाटीतलं नाणं होते. जेवण चांगलं होतं म्हणून हा मुद्दा नाहीसा होत नाही.

कूतचे जे वाचले ते १९१८च्या शेवटी सुटले. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचे जे नाही वाचले, त्यांची स्मृती बसऱ्याच्या स्मारकावर आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यालगत वाळवंटात नेऊन उभं केलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. हिंदी पलटणींच्या खाली अधिकाऱ्यांची, सुभेदार-जमादारांची नावं आहेत. आणि त्यांच्या खाली, बाकीच्या शिपायांसाठी, एक आकडा.